थंड देशांतील दप्तरखाने व लेखकाची ऊब

१

जुन्या पोथ्या हाताळणाऱ्यांस पोथीच्या अखेरीस येणारें लेखकाचें गाऱ्हाणें चांगलेंच परिचित आहे. पाठ, कंबर व मान मोडली, दृष्टि ताठली, खालीं मान घालून कष्टानें हें लिहिलें, तरी वाचकानें याचा यत्नानें सांभाळ करावा, अशा अर्थाचा ठरीव श्लोक आमच्याकडील शेंकडों पोथ्यांच्या शेवटीं आढळतो. त्याच्या जोडीस दुसरे श्लोक येतात व त्यांत ग्रंथाचे शत्रु मोजलेले असतात. तेल, पाणी, सैल बांधणी, अग्नि, चोर, उंदीर आणि मूर्खाचा हात, इतक्यांपासून ग्रंथाचें रक्षण व्हावें अशी ती प्रार्थना आहे. या ठरीव गाऱ्हाण्यांत शरीराचे बहुतेक भोग आले. पण थंडीनें बोटें आखडलीं अगर दौतींतील शाई गोठली, असा उल्लेख त्यांत नाहीं.

दक्षिणेंतील लेखकास हा भोग फारसा नव्हताच. पौष-माघांतील गारठा दिवस वर येतांच ओसरतो, व ओटीवर उन्हांत बैठक घालून लिहिणारास शेगडीची गरज क्वचित्‌च पडते. उत्तर युरोपांतील लेखकाची स्थिति निराळी होती. तेथें वर्षांतील पांच-सहा महिने लिहिणें म्हणजे थंडीशीं झगडणें होतें. आणि या झगड्यांत एक विलक्षण पेंच होता. लेखकाच्या हातास जो विस्तव हवा, तोच विस्तव त्याच्या लेखाचा घात करणारा होता. हातास ऊब द्यावी तर दप्तर धोक्यांत येतें. दप्तर राखावें तर लेखक गारठतो.

हा पेंच कोणत्या काळीं कसा सोडविला गेला, व तो न सुटल्यामुळें काय काय नष्ट झालें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. उदाहरणें मुख्यतः इंग्लंडांतील घेतलीं आहेत. कारण तेथें आठव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंत या एका गोष्टीचा कागदोपत्रीं माग लागतो. कारकुनाची शेगडी हा विषय इतिहाससंशोधनाच्या पंक्तीस बसण्याजोगा नाहीं, असें कोणी म्हणतील. परंतु आज कोणतें साधन आपल्या हातीं आहे व कोणतें नाहीं, याचा निकाल कांहीं प्रसंगीं त्या शेगडीनेंच लावलेला आहे, हें पुढील हकीकतीवरून दिसून येईल.

२

या विषयाचा एक फार जुना व विश्वसनीय पुरावा इ. स. ७६४ चा आहे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर वेअरमथ व जॅरो असा एक जोडमठ होता. इंग्रजांचा आद्य इतिहासकार बीड हा याच मठांतला, तो इ. स. ७३५ त वारला. त्याचा शिष्य कथबर्ट हा पुढें या मठाचा मुख्य झाला. जर्मनींत माइंत्स येथें बोनिफेसच्या मागून गादीवर आलेला धर्माध्यक्ष लुल यानें कथबर्टकडे बीडच्या ग्रंथांच्या नकला मागितल्या होत्या. त्या मागणीस कथबर्टनें दिलेलें उत्तर बोनिफेस व लुल यांच्या पत्रसंग्रहांत सुरक्षित राहिलें आहे. त्याचा आशय असा कीं, गेल्या हिंवाळ्यानें आमच्या बेटांतील लोकांस थंडी, बर्फ आणि दीर्घकाळ चाललेलीं वादळें यांनीं भयंकर गांजलें. त्यामुळें नकला करणाराचा हात अडला व पुष्कळ पुस्तकें तयार होऊं शकलीं नाहींत.

मागणी पुरी करतां न आलेल्या माणसाची ही सबब तर नसेल, अशी शंका संशोधकाच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. परंतु इ. स. ७६३-७६४ चा हिंवाळा युरोपांत असामान्य कडक पडल्याच्या नोंदी फ्रँक लोकांच्या वार्षिक शकावल्यांतून आहेत, व दूर पूर्वेकडे कॉन्स्टॅन्टिनोपलच्या बखरकारानेंही त्या वर्षीं काळ्या समुद्राचें पाणी गोठल्याचें लिहून ठेविलें आहे. एकमेकांस न ओळखणाऱ्या साक्षीदारांची साक्ष येथें जुळते. तेव्हां कथबर्टचें म्हणणें खरें धरण्यास हरकत नाहीं.

याच पत्रांतील दुसरी एक बाब लक्षांत घेण्याजोगी आहे. लुलनें दोन वस्त्रें पाठविलीं होतीं. एक रेशमी वस्त्र बीडच्या अवशेषांवर घालण्यासाठीं, व दुसरें रंगीबेरंगी पांघरूण खुद्द कथबर्टनें थंडीपासून आपलें अंग राखावें म्हणून. कथबर्ट कळवितो कीं, तें पांघरूण मीं आनंदानें देवास अर्पण करून वेदीवर घातलें. त्यापूर्वीं कथबर्टनें स्वतः लुलला पाणमांजराच्या कातड्यांचा एक झगा पाठविला होता. म्हणजे या दोन मठाधिपतींमध्यें ग्रंथांची व उबदार वस्त्रांची देवघेव बरोबरीनें चालू होती. थंडी निवारण्याचें साधन म्हणून पत्रांत जीं येतात तीं वस्त्रें. लेखनशाळेंत विस्तव करावा, हा विचार त्यांत कोठेंही दिसत नाहीं.

विस्तव कां नसावा, याचें उत्तर स्वित्सर्लंडांतील सेंट गॅल येथें जतन केलेल्या मठाच्या प्रसिद्ध नकाशावरून मिळण्यासारखें आहे. हा नकाशा चर्मपत्रावर काढलेला असून नवव्या शतकाच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शांतला आहे. त्यांत देवालयाच्या ईशान्य कोपऱ्यास लेखनशाळा दाखविली आहे. मध्यें मोठें मेज, खिडक्यांलगत सात लेखनासनें, आणि वरच्या मजल्यावर ग्रंथालय, अशी तिची रचना आहे. साधूंना शेकण्यासाठीं जी निराळी खोली आहे ती शयनगृहाच्या खालीं असून तिची भट्टी व धुराडें नकाशांत स्पष्ट काढलेलीं आहेत. लेखनशाळेस मात्र धुराडें नाहीं. ज्या खोलीच्या माथ्यावर सर्व मठाचे ग्रंथ ठेवावयाचे, तिच्यांत विस्तव नको, असाच या आंखणीचा अर्थ आमच्या मतें घेतला पाहिजे.

बाराव्या शतकांतील सिस्टर्शियन पंथाच्या आचारनियमांत हाच पेंच दुसऱ्या बाजूनें दिसतो. मठाच्या स्वयंपाकघरांत इतर साधूंनीं जाऊं नये असा नियम होता. परंतु लेखकांस तीन कामांसाठीं मुभा होती: मेणाची पाटी सारखी करणें, शाई पातळ करणें व चर्मपत्र सुकविणें. नियम करणारास हीं कामें मुद्दाम नमूद करावीं लागलीं, यावरून तीं नित्याचीं होतीं हें उघड आहे. त्या काळची शाई मायफळ, हिराकस व डिंक यांची, पाण्यांत कालविलेली असे. ती कडक थंडींत दौतींतच गोठे. लेखकानें दौत घेऊन चुलीकडे जावें, शाई वितळवावी, व परत थंड खोलींत येऊन लिहावें, हा क्रम होता. विस्तवाकडे दौत जाई. पोथीकडे विस्तव येत नसे.

नॉर्मंडींतील सेंट एव्रूल मठांतला इतिहासकार ऑर्डेरिक व्हायटॅलिस यानें तर आपल्या धर्मेतिहासाच्या एका खंडाच्या शेवटीं, हिंवाळ्याच्या थंडीनें आपण जखडलों असून हें काम आतां येथेंच ठेवितों व वसंत ऋतूची ऊब परत आली म्हणजे राहिलेलें सांगेन, असें स्वच्छ लिहून ठेविलें आहे. मूळ जन्मानें इंग्लंडचा असलेला हा ग्रंथकार इ. स. १०७५ त जन्मला व आयुष्यभर लिहीत राहिला. त्याच्या ग्रंथाच्या रचनेचा कालक्रम लावतांना हें वाक्य उपयोगीं पडतें. ग्रंथ कोठें थांबला व कां थांबला, हें ग्रंथकारानेंच सांगितलें आहे.

३

येथें थंडीचें कार्य कसें घडतें हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. नांगरणारा अगर लाकडें फोडणारा मनुष्य श्रमानेंच अंगांत उष्णता उत्पन्न करतो. लिहिणारा तासन्‌तास एका जागीं बसतो. बसलेल्या देहांत उष्णता थोडी उत्पन्न होते, व ती हृदय व मेंदू यांकडे राखून ठेवण्यासाठीं शरीर हातापायांतील रक्तवाहिन्या आकुंचित करतें. म्हणून अंगावर भारी कपडे असूनही बोटें प्रथम गार पडतात. हाताच्या त्वचेचें उष्णमान १५ अंश सेंटिग्रेडच्या आसपास उतरलें कीं बोटांचें बारीक कसब झपाट्यानें कमी होतें. लेखकाचें सर्व काम याच कसबावर चालावयाचें. शिवाय जाड हातमोजे घालून टांक धरतां येत नाहीं. वस्त्रानें अंग राखतां येतें. बोटें राखतां येत नाहींत. कथबर्टच्या लेखकाची खरी अडचण हीच होती.

अलीकडे या विषयाचें शास्त्र बनलें आहे. वस्त्रांची ऊब मोजण्याचें एक परिमाण १९४१ सालीं अमेरिकेंत ठरविलें गेलें. २१ अंश उष्णमानाच्या खोलींत स्वस्थ बसलेल्या मनुष्यास सुखावह वाटेल इतकें वस्त्र, ही त्याची मूळ कल्पना. पुढें डेन्मार्कांतील फँगर यानें १९७० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मनुष्याच्या सुखोष्णतेचा हिशेब सहा गोष्टींवर बसविला: हवेचें उष्णमान, भोंवतालच्या भिंती व पदार्थ यांचें उष्णमान, वाऱ्याचा वेग, हवेंतील ओलावा, अंगावरील वस्त्र आणि देहाचा श्रम. यांतील दुसरी व तिसरी गोष्ट जुन्या कचेऱ्यांच्या बाबतींत फार महत्त्वाची आहे.

इंग्लंडांतील कचेरींत विस्तव असे तो भिंतींतील उघड्या चुलाण्यांत. अशा चुलाण्याची बहुतेक उष्णता धुराड्यावाटे वर निघून जाते; आणि वर जाणाऱ्या धुराच्या जोरानें दाराखिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आंत ओढली जाते. परिणामीं जवळ बसणाराचें तोंड भाजतें व पाठ गारठते, आणि दूर बसणारास विस्तवाचा उपयोग नसून फक्त वाऱ्याचा त्रास होतो. बेंजामिन फ्रँक्लिन यानें १७४४ सालीं आपल्या नव्या लोखंडी शेगडीचें वर्णन छापलें त्यांत या दोषाची फोड केली आहे. व काउंट रम्फर्ड यानें १७९६ सालीं चुलाण्याचें तोंड व धुराड्याचा गळा अरुंद करण्याची युक्ति सुचविली. या दोषाचा दप्तरावर होणारा परिणाम असा कीं, लेखकास ऊब हवी तर त्यानें चुलाण्याला चिकटून बसावें लागे. लेखक विस्तवाजवळ आला म्हणजे त्याचे कागदही विस्तवाजवळ आले. आणि चुलाण्याभोंवतीं बहुधा लाकडी तुळया व लाकडी तक्ते असत.

हा धोका ओळखून ज्यांनीं विस्तव साफ वर्ज्य केला त्यांत ऑक्सफर्ड येथील बॉडली ग्रंथालय अग्रगण्य आहे. हें ग्रंथालय १६०२ सालीं उघडलें. तेथें वाचकास जें प्रतिज्ञापूर्वक वचन द्यावें लागतें, त्यांत ग्रंथालयांत अग्नि अथवा ज्योत आणणार नाहीं व पेटविणार नाहीं, असें कलम आहे. एकोणिसाव्या शतकापर्यंत तेथें ऊब देण्याची कोणतीही योजना नव्हती, व जुन्या वाचनगृहांत विजेचे दिवे १९२९ सालीं लागले. १६८३-८४ च्या हिंवाळ्यांत लंडनास थेम्स नदी गोठून तिच्यावर बाजार भरला होता. असे हिंवाळे ऑक्सफर्डच्या वाचकांनीं विस्तवाशिवाय काढले. त्यांच्या देहानें दिलेल्या या किंमतीचा मोबदला म्हणजे ग्रंथालय मोठ्या आगीवांचून आजवर उभें आहे.

४

ही किंमत ज्यांनीं दिली नाहीं त्यांचें काय झालें, याचें उदाहरण कॉटन संग्रहाचें आहे. सर रॉबर्ट कॉटन (१५७१-१६३१) हा आपल्या या पत्रिकेच्या वाचकांस जवळचा वाटावा असा मनुष्य होता. मठ मोडल्यानंतर विखुरलेलीं हस्तलिखितें, सनदा व राजपत्रें त्यानें जन्मभर जमविलीं. त्याच्या ग्रंथालयांतील कपाटांवर रोमन बादशहांचे अर्धपुतळे असत व कपाटास त्या बादशहाचें नांव असे. अजूनही त्या हस्तलिखितांचा निर्देश त्याच नांवांनीं होतो. अठराव्या शतकाच्या आरंभीं त्याच्या नातवाच्या इच्छेनें हा संग्रह राष्ट्राच्या मालकीचा झाला. १७२२ सालीं तो एसेक्स हाउस या वाड्यांत हलविण्यांत आला. पण त्या वाड्यास आगीची भीति आहे असें वाटल्यावरून थोड्याच वर्षांनीं वेस्टमिन्स्टर येथील ॲशबर्नहॅम हाउसमध्यें नेण्यांत आला. आगीच्या भीतीनें ज्या घरांत तो आणला, त्याच घरांत त्यास आग लागली.

ती आग २३ ऑक्टोबर १७३१ च्या पहांटे लागली. पुढें पार्लमेंटच्या समितीनें १७३२ सालीं अहवाल दिला त्यांत कारण नमूद आहे. हस्तलिखितें ज्या खोलींत होतीं तिच्या खालील खोलींत शेगडीच्या चुलाण्यावर एक आडवी लाकडी तुळई होती. तिनें पेट घेतला. खालच्या माणसाच्या उबेचा विस्तव वरच्या मजल्यावरील ग्रंथांपर्यंत पोंचला. सेंट गॅलच्या नकाशावाल्यानें नऊशें वर्षांपूर्वीं जें टाळलें होतें, तें येथें घडलें.

कपाटें फोडून पुस्तकें खिडक्यांतून बाहेर फेंकण्यांत आलीं. राजग्रंथालयाचा अधिकारी विद्वान् बेंटली हा रात्रीच्या झग्यावर व डोक्यावर मोठा टोप घालून, काखेंत बायबलची प्रसिद्ध अलेक्झांड्रियाची प्रत धरून बाहेर पडला, असें एका समकालीन साक्षीदारानें कळविलें आहे. समितीच्या मोजणीप्रमाणें ९५८ हस्तलिखित ग्रंथांपैकीं ११४ नष्ट अगर निरुपयोगी झाले व ९८ खंडित झाले. इंग्लंडच्या १२१५ च्या महासनदेची एक प्रत उष्णतेनें आखडून तिची मोहोर वितळली.

संख्येपेक्षां नुकसानीचा प्रकार अधिक बोधप्रद आहे. राजा आल्फ्रेड याचें ॲसर यानें लिहिलेलें चरित्र एकाच हस्तलिखितांत होतें, तें जळालें. आज तें वाचतां येतें याचें कारण १५७४ सालीं व पुन्हां १७२२ सालीं त्याचें छापील प्रकाशन झालेलें होतें. माल्डनच्या लढाईवरील प्राचीन इंग्रजी काव्यही त्याच ग्रंथांत होतें व तेंही जळालें. परंतु त्याची एक नक्कल आधींच झाली होती व ती १७२६ सालीं छापली गेली होती. बेओवुल्फ या महाकाव्याची जगांतील एकमेव प्रत जळाली नाहीं, पण तिच्या पानांच्या कडा करपल्या व पुढें अनेक वर्षें हाताळण्यांत एकेक अक्षर गळत गेलें. १७८७ सालीं थॉर्कलिन या पंडितानें तिच्या ज्या नकला करविल्या व केल्या, त्यांतून पुढें नाहींशीं झालेलीं सुमारें दोन हजार अक्षरें आज मिळतात. १८४५ च्या सुमारास ब्रिटिश म्यूझियममध्यें मॅडन याच्या देखरेखीखालीं प्रत्येक पान कागदी चौकटींत बसविलें गेलें, तेव्हां ही झड थांबली. थोडक्यांत, ज्याची नक्कल झाली होती तें वांचलें. अस्सल मात्र शेगडीनें नेलें.

५

दुसरें उदाहरण याहून विचित्र आहे. इंग्लंडच्या खजिन्यांत बाराव्या शतकापासून भरण्याची पावती लांकडावर देत. हेझल झाडाच्या काठीवर रकमेप्रमाणें खांचा पाडीत: हजार पौंडांस तळहाताच्या जाडीएवढी खांच, शंभरांस आंगठ्याएवढी, विसांस करंगळीएवढी, एका पौंडास जवाच्या पिकलेल्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरून एक फांक भरणारास व दुसरी खजिन्यास ठेवीत. दोन फांकी जुळल्या कीं हिशेब खरा. ही पद्धत बंद करण्याचा कायदा १७८२ सालीं झाला, परंतु ती प्रत्यक्ष बंद झाली १८२६ सालीं. त्यानंतर राहिलेल्या काठ्यांचें काय करावें हा प्रश्न पडला. सहाशें वर्षांच्या वहिवाटीचा हा अवशेष होता. पण कारभाऱ्यांच्या दृष्टीस तें केवळ वाळलेलें लांकूड होतें.

१६ ऑक्टोबर १८३४ रोजीं या काठ्यांच्या दोन गाड्या वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्यांत लॉर्डस् सभेच्या दिवाणखान्याखालील भट्ट्यांत जाळण्यास दिल्या. या भट्ट्या सभासदांना ऊब देण्यासाठीं बांधलेल्या असून त्यांचीं धुराडीं दिवाणखान्याच्या भिंतींतून वर जात. कामकऱ्यांनीं दिवसभर काठ्या रेटल्या. दुपारीं सुमारें चार वाजतां वरचा दिवाणखाना पाहण्यास आलेल्या मंडळींस जोड्यांतून जमीन तापलेली जाणवली व धूर दिसला. तरी कोणी भट्टी विझविली नाहीं. सहाच्या सुमारास ज्वाळा बाहेर पडल्या व रात्रींत राजवाड्याचा बहुतेक भाग भस्म झाला. वेस्टमिन्स्टर हॉल मात्र वांचला.

यांत कॉमन्स सभेचीं बहुतेक जुनीं कागदपत्रें जळालीं. लॉर्डस् सभेचीं कागदपत्रें वांचलीं, तीं सतराव्या शतकापासून जवळच्याच एका जुन्या दगडी मनोऱ्यांत ठेविलेलीं होतीं म्हणून. तो मनोरा राजवाड्यापासून सुटा असल्यानें आग तेथें पोंचली नाहीं. दोन सभा, एकच आग. एकीचें दप्तर आहे व दुसरीचें नाहीं. या भेदाचें कारण विद्वत्ता नव्हे, काळजीही फारशी नव्हे. विस्तव व दप्तर यांच्यामध्यें असलेलें अंतर, एवढेंच. दप्तराचें सरपण केलें व त्या सरपणानें दुसरें दप्तर जाळलें, असा हा प्रसंग आहे.

६

या आगीनंतर चार वर्षांनीं, १८३८ सालीं, सरकारी दप्तर एकत्र करण्याचा कायदा झाला, व लंडनांत चॅन्सरी लेन येथें १८५१ सालीं दप्तरखान्याची नवी इमारत बांधण्यास आरंभ झाला. तिची रचना आगीच्या भीतीनेंच ठरविली होती. मोठाले दिवाणखाने न करतां लहान लहान सुट्या कोठड्या केल्या. दारें लोखंडी व फळ्या पाटीच्या दगडाच्या बसविल्या. एका कोठडींत आग लागली तरी ती तेथेंच कोंडली जावी, हा हेतु.

मनुष्याच्या बाजूनें पेंच सोडविण्याचा प्रयत्न ब्रिटिश म्यूझियमच्या १८५७ सालीं उघडलेल्या गोल वाचनगृहांत दिसतो. पानीझी याची कल्पना व सिडनी स्मर्क याचें बांधकाम. घुमटाचा व्यास १४० फूट. वाचकांच्या मेजांखालीं पाय टेंकण्यासाठीं जी नळी लांबवर नेली होती, तिच्यांतून गरम पाणी खेळवून पायांस ऊब देण्याची योजना केली होती. विस्तव दूर, त्याची ऊब पाण्यावाटे वाचकाच्या पायांशीं. बाराव्या शतकांतील साधु दौत घेऊन चुलीकडे जात असे. आतां चूल जागची न हलतां तिची उष्णता लेखकाकडे आली. हस्तलिखित व ज्योत यांची गांठ पडण्याचें कारण उरलें नाहीं. दिव्याची अडचण मात्र आणखी वीस-बावीस वर्षें राहिली. १८७९ सालीं विजेचे दिवे येईपर्यंत लंडनचें धुकें दाटलें कीं वाचन बंद पडे.

खासगी पेढ्यांतील कारकुनास ही सोय फार उशिरां मिळाली. डिकन्स यानें १८४३ सालच्या आपल्या नाताळच्या कथेंत रंगविलेला कारकून एका कोळशाएवढ्या विस्तवावर दिवस काढतो, कोळशांची पेटी धन्यानें आपल्या खोलींत ठेविलेली असते, व शेवटीं तो गळपट्टा गुंडाळून मेणबत्तीवर हात शेकूं पाहतो. कथा कल्पित असली तरी वाचकांस ती तत्काळ पटली, हाच तिच्या खरेपणाचा पुरावा समजावा. कारखान्यांतील मजुरांच्या उबेविषयीं कायदे आधीं झाले. कचेरींतील लेखक मागें राहिला. १९४९ सालीं गॉवर्स समितीनें या उणिवेकडे लक्ष वेधलें, आणि १९६३ सालच्या कायद्यानें, बैठें काम चालणाऱ्या खोलींत पहिल्या तासानंतर उष्णमान १६ अंश सेंटिग्रेडहून कमी असल्यास तें वाजवी समजूं नये, व उष्णमापक यंत्र कामकऱ्यांस दिसेल असें ठेवावें, असें ठरलें. कथबर्टच्या पत्रापासून हा कायदा होईपर्यंत सुमारें बाराशें वर्षें लोटलीं.

तथापि मूळ पेंच नाहींसा झाला असें नव्हे. त्याची जागा बदलली. कागद व चर्मपत्र थंड व बेताच्या कोरड्या हवेंत अधिक काळ टिकतात, कारण उष्णतेनें त्यांच्यांतील नाश करणाऱ्या रासायनिक क्रिया जलद होतात. मनुष्यास सुखाची असणारी ऊब कागदास अहितकारक आहे. म्हणून आजचा दप्तरखाना दोन भागांचा असतो: कागदांची थंड कोठी निराळी, माणसांची उबदार खोली निराळी, व दोहोंमध्यें भिंत. सेंट गॅलच्या नकाशांत शेकण्याची खोली व लेखनशाळा वेगळ्या काढणारानें जो निर्णय केला होता, तोच निर्णय अखेर कायम ठरला.

७

यावरून संशोधकांनीं व संग्राहकांनीं घेण्याजोग्या तीन गोष्टी आम्ही येथें मांडतों.

पहिली गोष्ट ऋतूची. आमच्या पोथ्यांच्या समाप्तिलेखांत शक, संवत्सर, मास व तिथि दिलेली असते. म्हणजे लेखन कोणत्या ऋतूंत संपलें हें युरोपांतील हस्तलिखितांपेक्षां आमच्याकडे अधिक वेळां निश्चित सांगतां येतें. काश्मिरांत लोक अंगरख्याखालीं कांगडी धरून थंडी काढतात. तेथील शारदा लिपींतील पोथ्यांचीं मासवार कोष्टकें केलीं तर तेथील लेखकांचें काम हिंवाळ्यांत मंदावत असे कीं काय, हें पडताळून पाहतां येईल. अक्षर बिघडलें अगर काम खंडित झालें तर ताबडतोब निराळा हात किंवा निराळा काळ कल्पूं नये. महिना कोणता हें आधीं पाहावें.

दुसरी गोष्ट विस्तवाची. दक्षिणेंत शेगडीचें भय नाहीं. पण पोथ्या बहुधा देवघरांत असतात, व देवघरांत समई, निरांजन, उदबत्ती व धूप हीं असतात. पोथीस उदबत्ती ओंवाळून तिच्याच फडक्यावर ती टेंकवून ठेवणें हें कॉटनच्या संग्रहाखालील तुळईहून निराळें नाहीं. पूजा करावी; पण पूजेची ज्योत व पोथीचें दप्तर यांत निदान एक भिंत असावी. ज्यांचे संग्रह डोंगरी प्रदेशांत अगर थंड देशीं आहेत त्यांनीं विजेची शेगडी बैठकीच्या खोलींत ठेवावी, कपाटांच्या खोलींत ठेवूं नये. त्या खोलीच्या खालीं कोणती खोली आहे व तेथें काय पेटतें, हेंही पाहावें. ॲशबर्नहॅम हाउसमध्यें तेवढेंच पाहिलें गेलें नव्हतें.

तिसरी व मुख्य गोष्ट नकलेची. ॲसरचा ग्रंथ व माल्डनचें काव्य आज आहे, तें अस्सल टिकलें म्हणून नव्हे, तर जळण्यापूर्वीं कोणीतरी नक्कल केली अगर छापलें म्हणून. माल्डनच्या काव्याची नक्कल होऊन आग लागेपर्यंत फार वर्षें गेलीं नव्हतीं. एकुलती एक प्रत ज्याच्या कपाटांत आहे, त्यानें ती दाखविण्याचा संकोच धरणें म्हणजे तिचें आयुष्य एका घराच्या आयुष्याइतकें करून ठेवणें होय. नक्कल करावी, छायाचित्रें घ्यावीं, व तीं दुसऱ्या गांवीं, दुसऱ्या छपराखालीं ठेवावीं.

वेअरमथच्या ज्या लेखकाचे हात इ. स. ७६४ च्या हिंवाळ्यांत अडले, त्याचें नांव आपणांस ठाऊक नाहीं. त्यानें थंडी सोसून ज्या थोड्या नकला पुऱ्या केल्या त्या समुद्रापार गेल्या, आणि त्या काळच्या लेखनाचा प्रसार अशाच नकलांवर झाला. त्याचे कष्ट वायां गेले नाहींत. आपल्याकडील लेखकानें पोथीच्या शेवटीं जी विनवणी केली आहे, ती त्याच्याही वतीनें केली आहे असें समजून आपण वागलें, म्हणजे झालें.